साबण न लावलेली टाकी

कनेरगाव नाक्यावर चोरून गॅसच्या टाक्या भरून देणाऱ्या माणसाने माझ्या भाचीच्या सासूला फसवलं, आणि भाचीच्या सासूने मला. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या वस्तीत मी ही गोष्ट सांगायला लागले की लोक मध्येच म्हणतात, जाऊ द्या मावशी, नशीब चांगलं म्हणून वाचलो. नशीब त्या संध्याकाळी तिथे मला कुठे दिसलं नाही. मी होते, माझी माय होती, आणि ती टाकी होती.

मी वसमतला खानावळ चालवते. सुरुवात हळदीच्या मोंढ्यात केली. एक तवा, एक परात आणि तीन दगड घेऊन हमालांना गरम भाकरी करून द्यायचे. आज माझ्याकडे पत्र्याची पक्की जागा आहे, शेगड्या आहेत, हाताखाली बाया आहेत. कुणी दिलेलं काही नाही. बाजारात मी लांबून दिसले की कांदेवाला ढिगाचा वरचा थर बदलतो असं लोक म्हणतात, ते खरं आहे. मी रागीट आहे असंही म्हणतात, तेही खरं आहे. पण कोंडा मिसळलेलं पीठ मी कुणाच्या ताटात वाढलं नाही आणि माझ्या ताटात कुणाला वाढू दिलं नाही.

म्हणून वस्तीतल्या लोकांनी दसऱ्याला पायी नागपूरला जायचं ठरवलं, तेव्हा विहारातल्या बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तीसेक माणसं. त्यात बाया जास्त, आणि निम्म्यांचे गुडघे दुखणारे. खायचं काय, शिजवायचं कशावर, हे सगळं माझ्या गळ्यात पडलं.

"हिला कोणी गंडवू शकत न्हाई," असं एक म्हातारा म्हणाला. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मी होकार दिला तो मायसाठी. मायने सत्तरी ओलांडली आहे. तिचे वडील पायी नागपूरला गेले होते, पाठीला भाकरीचं गाठोडं बांधून. ही तेव्हा कडेवरची, म्हणून तिला घरी ठेवलं. पुढे ती बसने गेली, रेल्वेने गेली, माझ्याबरोबर जीपने गेली. पण दरवेळी परत आली की म्हणायची, "हे जाणं न्हाई बाई. बापानं चालत नेलं असतं तं पायाला ठावं झालं असतं." तिने आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. तिला चालत न्यायचं, धडपणी न्यायचं. मी बाकी काही ठरवलं नव्हतं.

इतक्या माणसांना इतक्या लांब चालवायचं तर धान्याचं ओझं बरोबर घेता येत नाही. आमच्याकडे एक हातगाडा होता. त्यावर भांडी, शेगडी, सतरंज्या आणि कुणाचे पाय गेले तर बसायला जागा. बाकी सगळं पुढच्या मुक्कामांवर आधी नेऊन ठेवायचं. कुणाच्या घरी ठेवायचं, याचा आमच्यात विचारच करावा लागत नाही. जिथे लेकी दिल्या आहेत तिथे. वसमतहून नागपूरची जवळची वाट वारंगा फाट्यावरून सरळ उमरखेडकडे निघते. पण त्या अंगाला आमच्या वस्तीच्या लेकी नाहीत. लेकी आहेत फाट्याला, कळमनुरीला, हिंगोलीला, कनेरगाव नाक्याला, आणि पुढे वाशिमच्या पल्याड. म्हणून आमची वाट वाकडी झाली. नकाशा बघणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटेल. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मी पिठाची काळजी आधी केली. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, तव्यावर टाकेपर्यंत हातात तुकडे. म्हणून पीठ ठेवायचं नाही, ज्वारी ठेवायची आणि आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी तिथल्या लेकीने दळून आणायची. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर. डाळ, तांदूळ, तिखट, मीठ, गूळ, चहाची पत्ती, प्रत्येक मुक्कामाचं वेगळं बांधलं. तेल पिशव्यांत न देता डब्यात दिलं, कारण पिशव्या उंदीर कुरतडतात.

जळतणाने मात्र माझी झोप घालवली. दसऱ्याच्या दिवसांत खेड्यात जळतण नसतं. शेतात कापूस उभा, म्हणजे पऱ्हाट्या नाहीत. मागच्या सालच्या तुराट्या पावसाळ्यात संपलेल्या. गोवऱ्या पावसात थापता येत नाहीत. तीस माणसं कुणाच्या दारात उतरली आणि त्याच्या घरातलं उरलंसुरलं वाळलं लाकूड त्यांनी जाळलं, तर त्या लेकीला पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. म्हणून मी माझ्या खानावळीच्या भरलेल्या टाक्या टेम्पोने पुढे पाठवल्या. प्रत्येक टाकीच्या वरच्या कड्याला पिवळा तेलरंग लावला, म्हणजे कुठेही ओळखू यावी.

गॅसची मला पहिल्यापासून भीती आहे. मोंढ्यातल्या एका हॉटेलात टाकी पेटलेली मी पाहिली होती. त्या माणसाचं तोंड मी विसरले नाही. तेव्हापासून माझा नियम आहे. टाकी बदलली की रेग्युलेटर बसवायचा, मानेभोवती साबणाचं पाणी लावायचं आणि बघत बसायचं. एक जरी बुडबुडा आला तर टाकी बाहेर. माझ्या हाताखालच्या बाया हसतात, "मावशी टाकीला आंघोळ घालून राहिल्या." हसू द्या.

निघालो तेव्हा सगळे गात होते. मी गात नव्हते. पुढच्या मुक्कामावर ज्वारी दळली असेल का, डाळीत कुणी हात घातला असेल का, टाकी उन्हात ठेवली असेल का, हेच डोक्यात. माय पांढरी साडी खोचून पुढे चालत होती, हातात काठी, आणि मागे वळून बघत नव्हती. तिच्या टाचांकडे बघत मी चालायचे. टाचांना भेगा होत्या, पण पाऊल नीट पडत होतं.

वारंगा फाट्याला पहिला धक्का बसला. तिथल्या लेकीने मायेपोटी ज्वारी आठवडाभर आधीच दळून ठेवली होती. भाकरी चिरल्या. आम्ही त्याच पिठाची उकड करून खाल्ली आणि कुणी तक्रार केली नाही, पण रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सांगितलेलं एक होतं आणि झालं भलतं, तेही आपल्याच माणसाकडून, प्रेमाने. हे पुढे किती ठिकाणी होणार. कळमनुरीला उलटंच. त्या घरच्यांनी आमच्या सामानाला हात लावू दिला नाही, सगळ्यांना आपलं जेवण घातलं. माझं धान्य तसंच हातगाड्यावर चढलं आणि गाडा जड झाला. हिंगोलीला सगळं बराबर होतं. टाकी पिवळ्या कड्याची, साबण लावला, बुडबुडा नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

माय म्हणाली, "आता तरी तोंड सरळ कर. लोक म्हनतीन, पोरीला मायचं वझं झालं."

"तुझं न्हाई. तुझ्या जेवणाचं," मी म्हणाले. ती हसली.

कनेरगाव नाका हा जिल्ह्यातला आमचा शेवटचा मुक्काम. त्याच्या पुढे लेकींची घरं विरळ. म्हणून कनेरगावची टाकी तिथे वापरून पुढे हातगाड्यावर घेऊन जायची होती. त्याच गाड्यावर, जिथे थकली की माय बसायची. हे मी आधीपासून मनात घोळवत होते. त्या टाकीत खोट नको, बाकी कुठे का असेना.

कनेरगावला माझी भाची दिलेली आहे. माझी बहीण गेल्यावर तिला मीच वाढवलं, लग्न माझ्याच दारातून केलं. सासू कडक आहे. दुष्ट नाही म्हणते मी, पण तिच्यासमोर भाची पाणीसुद्धा आवाज न करता पिते. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भाचीने पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिथेच मला काहीतरी खटकलं.

ओसरीवर टाकी ठेवलेली होती. वर सील होतं, प्लास्टिक चकचकीत. पण कड्याला पिवळा रंग नव्हता. तळाला गंज, आणि अंगाला रंगावर रंग.

"ही माझी टाकी न्हाई," मी म्हणाले.

सासू सुपात डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "टाकी टाकीच असती इहीणबाई. शेजारी बारसं व्हतं, त्यायच्यातली संपली. दिली उसनी. गावात राहाचं तं द्यावं लागतं."

"मग ही कुठली?"

"एजन्सीची हाय. काल गाडी आली व्हती. सील दिसून न्हाई राहिलं का तुमाला?"

टाकी उसनी देणं आमच्याकडे सगळीकडे आहे. मीठ, साखर, टाकी. कुणाकडे कार्य असलं की शेजाऱ्याची भरलेली टाकी जाते आणि नंतर भरलेली परत येते. त्यात मला बोलायला जागा नव्हती. मी टाकी तिरपी करून उचलून पाहिली. इतकी वर्षं टाक्या उचलल्यावर हाताला कळतं. हलकी होती. मी भाचीला म्हणाले, "पोरी, वाटीत साबणाचं पाणी आण."

भाची उंबऱ्यात उभी राहिली. तिने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून.

सासूने सूप खाली ठेवलं. "काहून? आमच्या घरच्या टाकीला साबण लावता व्हय? आमी काय इख ठेवलं तिच्यात?"

आमच्यातले दोघे-तिघे हसले. "इहीणबाई, तिची सवय हाय," कुणीतरी म्हणालं.

"तिच्या घरी सवय चालती. हितं लेक दिली तिनं, हाटेल न्हाई घातलं."

मी ज्याच्याशी भांडले नाही असा वसमतच्या बाजारात एक माणूस नाही. पण लेकीच्या सासरी आवाज चढवायचा नसतो. मी चार शब्द बोलून निघून जाणार आणि भाची ते वर्षभर भरत बसणार, हे मला माहीत होतं आणि सासूलाही माहीत होतं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला तो माझ्याच लेकीचा. मी साबण पुन्हा मागितला नाही.

मुक्काम गावाच्या कडेला एका आखाड्यावर, रानातल्या गोठ्यावर होता. पत्र्याची शेड, पुढे मोकळी जागा. एका अंगाला मेंढ्यांचा वाडा, दुसऱ्या अंगाला कापून रचलेली सोयाबीनची गंजी, माणसाच्या दुप्पट उंच, खडखडीत वाळलेली. आखाड्याचा मालक चांगला माणूस. त्याने पाणी भरून दिलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, इस्तवाचं तेवढं पाहा. वर्षाचं सारं ह्याच्यात हाय." गंजीकडे त्याने बोट केलं नाही, नुसतं पाहिलं.

मी शेगडी शेडच्या पलीकडच्या टोकाला मांडली, गंजीपासून जितकी लांब जाईल तितकी. टाकी लोकांपासून दूर ठेवली. भाची मदतीला आली होती. मला वाटलं तिला एकटीला गाठून विचारावं, पण सासूही मागोमाग आली, लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन, पाहुण्यांची सरबराई बघायला. शेजारच्या रानात मळणी यंत्र चालू होतं. त्याच्या आवाजात माणसाला माणसाचं ऐकू येत नव्हतं. मी सील काढलं, रेग्युलेटर बसवला, कान टाकीच्या मानेजवळ नेला. यंत्राच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. वास घेतला. मेंढ्यांचा वास, सोयाबीनच्या धुळीचा वास, आणि त्याच्या खाली कुठेतरी आणखी एक वास, असल्यासारखा आणि नसल्यासारखा.

"आता लावा की," सासू म्हणाली. "भुकेली हायत माणसं."

शेगडीचा पहिला बर्नर पेटला. डाळीचं पातेलं चढवलं. काही झालं नाही. डाळीला उकळी आली, फोडणी पडली, लोक जवळ सरकले. माय पातेल्याशेजारी दगडावर बसून लसूण सोलत होती. मी तिला म्हणाले, तिकडे शेडमध्ये बस. ती म्हणाली, "हितं ऊब हाय, पाय शेकतेत." मी पुन्हा म्हणणार होते. दुसरा बर्नर भाताचा, टाकीच्या अंगाचा. मी लायटर दाबला.

आवाज फार झाला नाही. कुणी कपडा झटकावा तसा. जमिनीलगत एक निळी रेघ शेगडीपासून टाकीपर्यंत पळत गेली आणि टाकीच्या मानेभोवती गोल फिरून उभी राहिली. मग पिवळी झाली आणि वाढली. वारा गंजीकडे होता. ज्योत त्या बाजूला झुकली आणि मला मोंढ्यातल्या त्या माणसाचं तोंड दिसलं.

सगळे एकदम उठले. जो पळाला त्याला मी दोष देत नाही, मीही पळाले असते. पण त्यात कुणाचा तरी पाय शेगडीच्या नळीत अडकला, शेगडी ओढली गेली आणि डाळीचं पातेलं कलंडलं. मायचे पाय तिथे होते. ती ओरडली नाही. तिने फक्त "बाई" म्हटलं, मला हाक मारल्यासारखं, हळू.

मी तिच्याकडे जाऊ शकत नव्हते. हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. माय डाळीत पाय ठेवून बसलेली, आणि मी तिच्याकडे पाठ करून टाकीकडे. टाकी फुटली तर ना माय राहणार ना कोणी. भाचीने पाण्याच्या पिंपात बुडवलेलं पोतं माझ्या हातात दिलं. मी ते ज्योतीवर टाकलं, दाबलं, पोत्याखालून हात घालून रेग्युलेटर पिरगळून उपसला. हात भाजला, पण तेव्हा कळलं नाही. पोत्याखाली फुसफुस झाली आणि थांबली. आखाड्याचा मालक टाकीच्या तोंडाचं टोपण घेऊन आला, ते मी बसवलं. ठिणगी उडून गंजीच्या पायथ्याला गवत पेटलं होतं ते त्याने घोंगडीने बडवून विझवलं. यंत्र अजून चालूच होतं. तिकडच्या लोकांना काही कळलं नव्हतं.

मग मी मायकडे गेले. घोट्यापर्यंत कातडी सुटली होती. भाची तिच्या पायांवर पाणी ओतत होती आणि रडत होती, आणि रडतारडता बोलून गेली.

"मावशी, एजन्सीची न्हाई ती. तुमची टाकी बारशात रिकामी झाली. आत्याबाई नाक्यावर भरायला घेऊन गेल्या. तो म्हनला, ही राहू द्या, ही भरेल घेऊन जा. म्या म्हनलं व्हतं सांगा मावशीला."

सासू तिथेच उभी होती. "गप," एवढंच म्हणाली.

म्हणजे त्या माणसाने माझी चांगली, धड टाकी ठेवून घेतली आणि भंगारातली तिच्या हातात दिली, वर खोटं सील चढवून. उजेडात आम्ही टाकीचं तोंड उघडून पाहिलं, तर आतला रबराचा वॉशर झिजून एका बाजूने तुटलेला. कुणीही माणूस बघितल्याशिवाय अशी टाकी भरूच शकत नाही. त्याने बघितलं होतं. बघून दिली होती.

मायला हिंगोलीला दवाखान्यात नेलं. बाकीचे पुढे गेले. मी जाऊ नका म्हटलं नाही. पुढे गावागावांत लोकांनी त्यांना जेवू घातलं, माझं सगळं नियोजन हातगाड्यावर तसंच पडून राहिलं, आणि ते नागपूरला पोचले. मायला पलंगावरून खिडकी दिसत होती, खिडकीतून रस्ता. ती रस्त्याकडे पाठ करून झोपायची.

मायच्या पायाला पट्टी बांधल्यावर मी नाक्यावर गेले. भाचीची सासू आणि भाची दोघींना बरोबर घेतलं. दुकान शेगडी दुरुस्तीचं, मागे अंधारी खोली. दार अर्धं उघडं होतं आणि आत पिवळं कडं दिसत होतं.

"ती माझी टाकी," मी म्हणाले.

तो शेगडीचा बर्नर घासत होता. "पिवळा रंग तुमच्या एकटीच्या घरी मिळतो का बाई?"

"ह्यायनं तुझ्याकडून टाकी नेली. फुटक्या वॉशरची. माझ्या मायचे पाय गेले."

त्याने सासूकडे पाहिलं. फार नाही, एकदाच. "नेली व्हय तुमी माझ्याकडून?"

सासूने पदर नीट केला. "म्या ह्याच्याकडं कधी आलेच न्हाई," ती म्हणाली. "एजन्सीची व्हती ती."

भाची खाली बघत होती. मी तिला काही विचारलं नाही. तिने खरं सांगितलं असतं तर त्या घरात तिला दिवस काढणं मुश्कील झालं असतं, आणि तिने खोटं सांगितलं असतं तर मला. म्हणून मी विचारलंच नाही.

मग तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, अगदी गोड आवाजात, "तुमी तं एवढ्या खानावळवाल्या. साबण लावून पाहाचं न्हाई व्हय?"

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं आहे आणि त्याहून जास्त सुनावलं आहे. पण त्याचं वाक्य माझंच होतं. मी तिथून परत आले.

मायचे पाय भरून आले, पण बोटं आखडली. आता ती काठी घेऊन ओट्यापर्यंत येते. बसते, पाय शेकायला उन्हात घेते. मी टाकी बदलते तेव्हा ती उठून आत जाते. मीही आता साबण एकदा लावून थांबत नाही. लावते, पुसते, पुन्हा लावते. बाया हसत नाहीत. कुठे कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ फुसफुसली तरी माझा हात आपोआप पोत्याकडे जातो. दाराशी एक ओलं पोतं कायम ठेवलेलं असतं. वाळलं की मी पुन्हा भिजवते.

परवा माय मला म्हणाली, "तिथून नागपूर किती राहिलं व्हतं गं?"

मी म्हणाले, "पुष्कळ."

"चालले असते म्या," ती म्हणाली.

त्या नाक्यावरून बस जाते तेव्हा दुकान मला खिडकीतून दिसतं. अजून चालू आहे. मागच्या खोलीचं दार अजून अर्धं उघडं असतं. तिथून रोज टाक्या जातात, कुणाच्या बारशाला, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या मायच्या पायाशी. आणि इहीणबाई, तुम्ही अजून लग्नकार्यात भेटलात की मला विचारता, मायचे पाय बरे का. तुम्हाला आणि त्या दुकानवाल्याला, दोघांनाच माहीत आहे त्या दिवशी मागच्या खोलीत काय झालं. तुमच्यापैकी कुणीतरी एकाने आता माझ्या मायसमोर ओट्यावर येऊन बसावं, तिच्या पायांकडे बघावं, आणि ती टाकी कुणी, कशी, काय बघून दिली हे तिला सांगावं. मला नाही सांगितलं तरी चालेल. तिची राहिलेली वाट कुणी खाल्ली याचा जबाब तिला द्या.